एकोणिसाव्या सेमिनारमधला सातवा पेपर

संघटनेच्या अध्यक्षांचा फोन आला. "ताई, यंदा आपल्या सेमिनारचं पन्नासावं वर्ष. स्मरणिकेत सगळा इतिहास आला पाहिजे, आणि तो तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" ताईंनी 'हो' म्हणायच्या आधीच पेनाचं टोपण काढलं होतं.

ताई म्हणजे कोणाची सख्खी बहीण नव्हे. शीतगृहवाल्यांच्या संघटनेच्या ऑफिसात त्या बाविसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून लागल्या आणि साठाव्या वर्षी चिटणीस म्हणून निवृत्त झाल्या. मधल्या काळात पिकल्या केसांच्या इंजिनियरांपासून कालपरवा लागलेल्या पोरांपर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत आले. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर "सेमिनारच्या तारखांत बसत नव्हतं" असं सांगून विषय संपवायच्या. त्यात थट्टा अर्धीच होती. पेपर मागवायचे, टाइप करायचे, वक्त्यांची मनधरणी करायची, छातीवर लावायचे बिल्ले लिहायचे, प्रोजेक्टरचा जादा दिवा पर्समध्ये ठेवायचा, आणि सगळं उरकलं की त्या वर्षीचे पेपर एका खंडात बांधून घ्यायचे. वर्षाचे चार महिने त्यातच जायचे आणि उरलेले आठ त्याच्या आठवणीत.

ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ते एकोणपन्नास खंड ओळीने उभे होते. ताईंनी खिडकीजवळचं टेबल मागून घेतलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

पहिला सेमिनार त्यांनी पाहिला नव्हता, पण मोठ्या साहेबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला होता की आपण तिथे हजर होतो असंच त्यांना वाटायचं. एका बर्फाच्या कारखान्यात गारवा करणाऱ्या अमोनिया वायूची टाकी फुटून पाच माणसं गेली होती. मोठे साहेब तेव्हा सदतीस वर्षांचे, एका शीतगृहाचे इंजिनियर. त्यांनी ओळखीच्या प्रत्येक कारखान्याला पोस्टकार्ड टाकलं: 'आपली माणसं का मरतात, ते एकदा एकत्र बसून बोलू.' एका गोदामाच्या कॅंटीनमध्ये अडतीस जण जमले. फळा नव्हता, म्हणून दारावर खडूने आकृत्या काढल्या. मालक मंडळींतलं कोणी आलं नाही. जे आले त्यांनी आपापल्या चुका सांगितल्या, कोणताही आडपडदा न ठेवता. त्यातूनच पुढे संघटना उभी राहिली आणि मोठे साहेब तिचे अध्यक्ष झाले. मग हॉटेलचे हॉल आले, कंपन्यांचे स्टॉल आले, नाव छापलेल्या पिशव्या आल्या. पण दर वर्षी मोठे साहेब सुरुवातीला ते पोस्टकार्ड वाचून दाखवायचे आणि ताईंच्या अंगावर दर वर्षी काटा यायचा.

अठरा वर्षांचा इतिहास त्यांनी दहा दिवसांत हातावेगळा केला. अकराव्या दिवशी एकोणिसावा खंड काढला, आणि पानं चाळताना हात थांबला. साठावं पान संपलं की पुढचं पान एकोणसत्तरावं होतं.

त्यांना ते ठाऊक होतं. ती पानं त्यांनीच काढली होती. अनुक्रमणिका नव्याने टाइप केली, आठव्या पेपरला सातवा केलं, नवव्याला आठवा, पण पुढच्या सव्वाशे पानांचे आकडे बदलायला वेळ नव्हता. छापखाना खोळंबला होता. कोणाच्या तरी लक्षात येईल, असं त्या वर्षी त्यांना वाटत राहिलं होतं. एकतीस वर्षांत कोणीही विचारलं नाही.

तो पेपर एका मिस्त्रीचा होता. इंजिनियर नव्हे, आडवळणाच्या एका शीतगृहात कॉम्प्रेसर सांभाळणारा, हाताखालून वर आलेला माणूस. पेपर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून आणला होता आणि बरोबर फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू. ती त्यांनी ताईंच्या टाइपरायटरशेजारी ठेवली. पोलादी व्हॉल्व्ह होता, त्याला एक हँडल.

"ताई, हे दाबा."

ताईंनी दाबलं.

"आता सोडा."

सोडल्याबरोबर स्प्रिंगने हँडल खटकन जागेवर गेलं.

"झालं. एवढंच आहे माझं म्हणणं," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी स्टुलावर बसून सगळं समजावून सांगितलं. अमोनियाच्या टाकीच्या तळाशी मशीनचं तेल साचतं, ते अधूनमधून काढावं लागतं. थंडीने तेल मधासारखं घट्ट झालेलं असतं, थेंब थेंब येतं, म्हणून कंटाळून माणूस व्हॉल्व्ह पुरता उघडतो. तेल संपलं की मागचा अमोनिया एकदम अंगावर येतो. डोळे जातात, श्वास कोंडतो, आणि बंद करायचा व्हॉल्व्ह त्या ढगाच्या आत राहतो. "मग आपला हात असेपर्यंतच उघडा राहणारा व्हॉल्व्ह का नको? माणूस पळाला की तो आपोआप बंद. मी आमच्याकडे बसवलाय. अकरा महिने झाले."

ताईंना यंत्रातलं फार कळत नसे, पण हे कळलं. त्यांनी तो पेपर मन लावून टाइप केला, दोन जागी व्याकरण नीट केलं. कार्यक्रमपत्रिकेत त्याचा नंबर सातवा लागला.

सेमिनारला तीन आठवडे असताना एका व्हॉल्व्ह कंपनीचा माणूस मोठ्या साहेबांना भेटून गेला. त्या वर्षीचा हॉल आणि जेवण त्या कंपनीकडून होतं. दार अर्धवट उघडं होतं. "हे छापलंत तर आम्ही आजवर विकलेले सगळे व्हॉल्व्ह धोक्याचे ठरतात, साहेब. आणि लिहिलंय कोणी, तर एका मिस्त्रीने!" तो गेल्यावर मोठे साहेब बराच वेळ खिडकीशी उभे होते. मग ताईंकडे न बघता म्हणाले, "सातवा काढून टाका. त्यांना काहीतरी लिहून कळवा."

काहीतरी म्हणजे काय, ते ताईंनी विचारलं नाही. फाइलमध्ये नकाराच्या पत्रांचा एक साचा होता, त्यातलं एक वाक्य त्यांनी उचललं: 'आपल्या सूचनेत समितीला तांत्रिकदृष्ट्या तथ्य आढळले नाही.' समितीची बैठक झालीच नव्हती. खाली 'चिटणीसांकरिता' लिहून त्यांनी स्वतःची सही केली आणि पत्र डाकेत टाकलं.

चार महिन्यांनी बातमी आली. त्याच शीतगृहात तेल काढताना अमोनिया सुटला. दोन माणसं गेली, मिस्त्रींचे डोळे गेले. दुखवट्याचा ठराव ताईंनीच टाइप केला. तेव्हा त्यांना वाईट वाटलं, खूप वाटलं. पण पेपर छापला असता तरी तो या कपाटातच पडून राहिला असता, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मिस्त्रींचा व्हॉल्व्ह तर तिथे बसवलेलाच होता, मग पेपरचा संबंध काय? या प्रश्नाशी येऊन त्या थांबल्या. पुढे जायचं धाडस झालं नाही. नऊ वर्षांनी, अठ्ठाविसाव्या सेमिनारमध्ये, त्याच कंपनीच्या इंजिनियराने आपोआप बंद होणाऱ्या व्हॉल्व्हवर पेपर वाचला आणि उत्कृष्ट पेपरचं बक्षीस नेलं. प्रमाणपत्रावर नाव ताईंच्या सुंदर अक्षरात होतं.

आता इतिहासात मिस्त्रींवर एक परिच्छेद घालायचा, त्यांचा फोटो छापायचा, असं ताईंनी ठरवलं. म्हणजे आपलं मन साफ होईल. जुन्या रजिस्टरात पत्ता होता. दोन बस बदलून त्या गेल्या.

दार मिस्त्रींच्या मुलीने उघडलं. पंचावन्नच्या घरातली बाई, गळ्यात मोजपट्टी. खोलीत शिवणयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेला पडदा, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत मिस्त्री, आता एकोणऐंशी वर्षांचे, काळा चष्मा लावून रेडिओ मांडीवर घेऊन बसलेले.

"मी शीतगृह संघटनेतून आले," ताई म्हणाल्या.

मुलीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चिटणीसांकरिता म्हणून सही करायचात, त्या तुम्हीच का?"

ताईंनी मान हलवली.

"अहो बाबा, त्या आल्यात. पत्रवाल्या."

"ताई का?" मिस्त्रींनी रेडिओ बंद केला. "या, बसा. आवाज नाही ऐकला अजून. बोला की."

ताईंनी इतिहासाचं, फोटोचं, परिच्छेदाचं सांगितलं. सांगताना ते सगळं त्यांना स्वतःलाच पोरकट वाटायला लागलं. मिस्त्री शांतपणे ऐकत होते. मुलगी मात्र आत गेली आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला एक कागद घेऊन आली.

"परिच्छेदात हे घालणार का?"

ताईंनी आपलं पत्र ओळखलं. घड्यांवर विरलेलं, पण अक्षर स्पष्ट.

"हे... हे तुमच्याकडे आलं, तेव्हा..."

"माझ्याकडे नाही आलं," मिस्त्री म्हणाले. "कारखान्याच्या पत्त्यावर आलं. मॅनेजरने फोडलं. तो आधीपासून कुरकुरत होताच. माणूस हँडल दाबून अर्धा तास उभा राहतो, तेवढ्यात दुसरी कामं अडतात, असं त्याचं म्हणणं. पत्र वाचून त्याने मला बोलावलं. म्हणाला, एवढ्या शिकल्यासवरल्या लोकांना यात तथ्य दिसत नाही, तुलाच तेवढं दिसतं का? उद्याच्या उद्या जुना व्हॉल्व्ह परत बसव."

"मग?"

"मग काय. मीच काढला. माझ्याच पान्याने."

शिवणयंत्राजवळ उभी राहून मुलगी ऐकत होती. हे तिने कितीदा ऐकलं असेल, पण तिचा चेहरा ताणलेलाच होता.

"त्या दिवशी तेल काढायला जावई होते," मिस्त्री पुढे बोलू लागले. "मीच लावलं होतं त्यांना कामाला. मी पलीकडच्या खोलीत गेज बघत होतो. वास आला, ओरडणं ऐकू आलं. ओलं फडकं तोंडाला बांधून आत शिरलो. माझ्यामागे आमचा फिटर शिरला. मला व्हॉल्व्ह सापडला, पण फिरवेना. हात गार पडले होते. त्या दोघांना बाहेर काढलं ते कोणी, मला माहीत नाही. शेवटचं जे बघितलं ते पांढरंच होतं सगळं."

"लग्नाला चौदा महिने झाले होते," मुलगी म्हणाली. "तथ्य म्हणजे काय, हे मी तेव्हा डिक्शनरीत बघितलं."

एकतीस वर्षं ज्या प्रश्नाशी ताई थांबत होत्या, त्याचं उत्तर समोर होतं. पेपर छापला काय, न छापला काय, ती गोष्टच वेगळी. माणसं मारली ती त्या एका वाक्याने, आणि ते वाक्य ना मोठ्या साहेबांचं होतं, ना कंपनीचं. ते त्यांनी फाइलमधून उचललं होतं, कारण त्या दिवशी अजून चौदा पत्रं टाइप करायची होती.

"समितीने तुमचा पेपर वाचलाही नव्हता," त्या कशाबशा म्हणाल्या. "ते वाक्य माझं होतं. मीच घातलं."

मिस्त्रींनी चष्मा काढून पुसला. चष्म्यामागे डोळ्यांच्या जागी दुधाळ पडदे होते. "म्हणजे वाचलाच नाही कोणी," ते शेवटी म्हणाले. "मला वाटायचं, माझंच काही चुकलं असेल. स्प्रिंगच्या हिशोबात. रात्रंदिवस तो हिशोब मनात मांडत बसायचो मी, कुठे चुकलो म्हणून."

"चहा टाकते," मुलगी म्हणाली. तिच्या सुरात पाहुणचार नव्हता, पण ताईंना उठताही येईना. त्यांनी तो चहा प्यायला. निघताना त्यांनी पत्राची झेरॉक्स मागितली. "ते घरातून बाहेर जाणार नाही," मुलगी म्हणाली. "इथे बसून उतरवून घ्या." ताईंनी आपलंच पत्र शब्द न शब्द उतरवून घेतलं, आपल्या सहीसकट.

त्या आठवड्यात ताईंनी एकोणिसाव्या वर्षाचा इतिहास लिहिला. कंपनीचा माणूस, अर्धं उघडं दार, गाळलेली पानं, ते वाक्य, दोन मृत्यू, नऊ वर्षांनंतरचं बक्षीस. कोणाच्या पदरात चूक घालताना स्वतःला वगळलं नाही. पेपरची कार्बन कॉपी त्यांच्या घरच्या ट्रंकेत होती. ती त्यांनी पुन्हा टाइप केली आणि सोबत जोडली.

अध्यक्षांनी त्यांना ऑफिसात बोलावून घेतलं. चाळिशीतला, कामसू माणूस. ताईंनीच त्याला पहिला बिल्ला लावला होता.

"ताई, हे काय लिहिलंत? सुवर्णमहोत्सव आहे हा, चौकशी आयोग नाही."

"झालं ते लिहिलंय."

"मोठे साहेब पहिल्या रांगेत बसणार. शहाऐंशी वर्षांचा माणूस. त्यांच्या तोंडावर हे?"

"माझ्याही तोंडावर आहे ना, साहेब. मीही तिथेच बसणार आहे."

अध्यक्षांनी कपाळ चोळलं. "बरं, असं करू. एक ओळ ठेवू. 'त्या वर्षी काही पेपर जागेअभावी घेता आले नाहीत.' चालेल?"

आयुष्यभर ताईंनी असल्या ओळी लिहिल्या होत्या, आणि चांगल्या लिहिल्या होत्या. त्यांनी टेबलावरचे कागद गोळा केले, फाइलला दोरी बांधली. "मग राहू दे. माझा इतिहास नको घालू."

तो 'अहो'चा 'अरे' कधी झाला, त्यांच्या लक्षातही आलं नाही. अध्यक्षांच्या मात्र आलं. स्मरणिका जुन्या फोटोंवरच भागवली गेली.

सेमिनारला मात्र ताईंना बोलावणं होतंच, कार्यक्रमपत्रिकेत त्यांचा सत्कार छापून झाला होता. चारशे माणसांचा हॉल, मागे कंपन्यांचे स्टॉल. पोस्टकार्ड या वेळी पडद्यावर दाखवलं, कारण मोठ्या साहेबांच्याने वाचवत नव्हतं. ताईंच्या हातात पुष्पगुच्छ आला आणि कोणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला. त्यांनी गुच्छ खुर्चीत ठेवला आणि पर्समधून कागद काढला.

त्या सहा मिनिटं बोलल्या. रडल्या नाहीत. पत्र पूर्ण वाचलं, सही कोणाची तेही सांगितलं. पहिल्या रांगेत मोठ्या साहेबांनी शेजाऱ्याकडे कान नेला. "काय म्हणतेय ती?" त्यांना सांगितलं गेलं. "मिस्त्री? तो तेव्हाच वारला ना?" ते मोठ्यांदा म्हणाले, ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसे.

"नाही, साहेब," ताई माइकवरूनच म्हणाल्या. "वारले ते दुसरे दोघं."

मोठ्या साहेबांनी मान खाली घातली. त्यांना आठवलं की नाही, कोणास ठाऊक.

अध्यक्षांनी माइक घेतला. "ताईंनी जुन्या आठवणींना उजाळा दिला. चहा तयार आहे." खुर्च्या सरकल्या. एका म्हाताऱ्या इंजिनियराने ताईंचा हात घट्ट धरला आणि निघून गेला. दुसरा एक जण थांबून म्हणाला, "ताई, आता ते व्हॉल्व्ह सगळीकडे लावावेच लागतात. झालं गेलं कशाला उकरून काढायचं?" दाराजवळच्या टेबलावर त्यांनी पेपरच्या दोनशे प्रती ठेवल्या होत्या, खाली स्वतःचा फोन नंबर. संध्याकाळी मोजल्या तर एकशे एकाहत्तर उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या मिस्त्रींकडे गेल्या आणि जसं झालं तसं सांगितलं. मुलगी टाके घालत होती. वर न बघता तिने विचारलं, "मग, हलकं वाटलं?"

"नाही."

"मला वाटलं होतं, तुम्हाला वाटेल." तिने दोरा तोडला. "आमचं काही बदललं नाही, म्हणून विचारलं."

ताई तरी परत जात राहिल्या. मिस्त्रींना पेपर वाचून दाखवायच्या. ते मध्येच थांबवून एखादा आकडा पुन्हा विचारायचे, आणि तो बरोबर निघाला की नुसते मान डोलवायचे.

तीन आठवड्यांनी ताईंना एका अनोळखी नंबरवरून फोन आला. एक मुलगी बोलत होती, दीड वर्षांपूर्वी एका शीतगृहात इंजिनियर म्हणून लागलेली. तिने टेबलावरची एक प्रत उचलली होती.

"आमच्याकडे असे व्हॉल्व्ह आहेत, मॅडम. आपोआप बंद होणारे. पण हँडल धरून उभं राहायचा लोकांना वैताग येतो, म्हणून ते दाबून तारेने बांधून ठेवतात. मग तेल आपलं आपण येत राहतं. मी बोलले तर हसले. वर कळवलं तर नोंद घेतो म्हणाले. कोणाला विचारू?"

ताई तो फोन चालू ठेवून रिक्षात बसल्या आणि मिस्त्रींच्या हातात नेऊन दिला. मिस्त्रींनी तो कानाला उलटा लावला. त्यांच्या मुलीने सरळ करून दिला. मग ते पाऊण तास बोलत होते. टाकी किती मोठी, पाइप किती इंची, तेल कोण काढतं, दार कुठल्या बाजूला उघडतं. शेवटी म्हणाले, "पोरी, आधी ती तार काप. बाकीचं मग बघू. आणि एकटी जाऊ नकोस."

ती दर बुधवारी फोन करू लागली. तिच्या पाळीत तार कापलेली असायची. बाकीच्या दोन पाळ्यांत पुन्हा बांधली जायची. वरिष्ठांनी तिला एकदा समज दिली, एकदा लेखी दिली. ताईंनी तिच्यासाठी तीन पत्रं लिहिली, मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे, शब्द न बदलता. एकाचंही उत्तर आलं नाही. बुधवारी मिस्त्रींची मुलगी यंत्र थांबवून फोनचा आवाज मोठा करायची.

"कापलीस का?" मिस्त्री विचारायचे.

"कापली, काका. त्यांनी परत बांधली होती."

"मग?"

"मग परत कापली."